वाढव गं आता

बार्शीच्या कासार गल्लीतली हौसाक्का बांगड्या भरायला बाईचं मनगट हातात घ्यायची आणि नुसतं दाबून तिच्या सासूचा स्वभाव सांगायची. खोटं वाटत असेल तर गल्लीत कुणालाही विचारा. एकदा म्हणे एका फौजदाराच्या बायकोचा हात धरला आणि म्हणाली, "तुझी सासू साखरेवर पाळत ठेवून असते गं." ती बाई घरी गेली, डबा उघडला, तर साखरेवर बोटानं काढलेलं स्वस्तिक! कुणी चमचा घातला की लगेच कळावं म्हणून.

असल्या घरात रत्ना धाकटी जाऊ म्हणून आली. अंगाची हळद अजून निघाली नव्हती, तेव्हाच हिरव्या बांगड्यांचं खोकं आत नेताना उंबऱ्याला अडखळली आणि सगळं खोकं खाली.

"अगं बाई, फुटल्या!" रत्ना ओरडली.

दुकानात गिऱ्हाईक होतं. हौसाक्का शांतपणे उठून आली आणि तिच्या दंडाला असा चिमटा काढला, असा काढला, की त्याचा डाग रत्नाच्या लग्नाच्या फोटोत दिसतो. फोटो आदल्या आठवड्यातला असला तरी दिसतो.

"नवी आहेस म्हणून सोडते," हौसाक्का म्हणाली. "कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही. वाढते. वाढली म्हणायचं. काय?"

"वाढली, आक्का."

"आणि संध्याकाळी दुकानाचं काय करायचं?"

"बंद..."

दुसरा चिमटा.

दुकानही वाढवायचं असतं. दिवे लागायच्या वेळेला हौसाक्का बांगड्यांच्या फळीसमोर उभी राहायची, दोन्ही हात जोडायची आणि म्हणायची, "वाढव गं आता." मग रत्नानं शटर ओढायचं. घरातले तांदूळ सरले तरी हौसाक्का "तांदूळ वाढलेत" म्हणायची. तिचे मालक वारले तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्या हातातल्या बांगड्या वाढवायला आल्या, तर तिनं त्यांनाच बसवून चहा पाजला आणि एकेकीला डझनभर बांगड्या विकून परत पाठवलं. बंद, फुटलं, संपलं, मेलं, असला शब्द त्या बाईच्या तोंडातून कधी कुणी ऐकला नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि भांडणं तर ती जेवणाइतकी नेमानं करायची.

रत्नाला मूल झालं नाही. हौसाक्काचा विलास होता तो एकीच्या पोटचा आणि दोघींच्या मांडीवरचा. त्याला आंघोळ कुणी घालायची ह्यावरून दोघी जावा अशा भांडायच्या की पोरगं बिचारं दोनदा आंघोळ करून शाळेत जायचं.

पुढं रत्नाचाही नवरा गेला. दोघी म्हाताऱ्या झाल्या आणि हौसाक्का विसरायला लागली. आधी माणसांची नावं, मग माणसं. नळाच्या तोटीत बांगड्या घालून "हात मऊ सोड गं" म्हणायची. रत्नाला "ए बाई" म्हणायला लागली आणि गिऱ्हाइकांना हळूच सांगायची, "ह्या बाईवर लक्ष ठेवा, माल चोरते."

त्यातच तो उन्हाळा आला. विलास सोलापूरकडं सौरपट्ट्यांच्या शेतावर कामाला होता. दुपारी काम करायचं नाही असा सरकारी हुकूम होता, पण हुकूम कागदावर आणि पोरगं उन्हात. दुपारी कोसळला तो उठला नाही. घरी आणला तेव्हा हौसाक्का सगळ्या गर्दीच्या मधोमध बसून हसत होती. "बसा गं," रडणाऱ्या बायकांना म्हणत होती, "कोणत्या रंगाच्या दाखवू?"

रत्ना मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली. ज्या एका माणसाबरोबर हे रडायचं, ते माणूस बाहेर बांगड्या दाखवत होतं. ते रडणं मग तिच्या छातीत तसंच अडकून राहिलं, घास अडकावा तसं.

*

लातूर रस्त्याला नवं संशोधन केंद्र निघालं होतं. पाटीवरचं नाव वाचता वाचता धाप लागायची, म्हणून लोक त्याला आठवणीचा दवाखाना म्हणायचे. न्यायला बिनड्रायव्हरची पांढरी गाडी यायची. हौसाक्का दर वेळेला विचारायची, "ड्रायव्हर जेवायला गेलाय का?" आणि तो आल्याशिवाय बसायची नाही. शेवटी रत्नानं पुढच्या सीटवर एक टोपी ठेवून दिली. मग हौसाक्का निवांत बसायची, आणि उतरताना टोपीला "सावकाश जा रे बाबा" म्हणायची.

ह्या दवाखान्याची रीत वेगळी होती. पूर्वी म्हणे डॉक्टरांनी ठरवायचं आणि पेशंटनं सोसायचं. आता कायदा बदलला होता. ज्याला आजार त्यालाच विचारायचं, आणि काय विचारायचं, कसं विचारायचं, ते त्याला सांभाळणाऱ्यांना बरोबर घेऊन ठरवायचं. सांभाळणाऱ्यांना तिथं सोबती म्हणत. रत्नाला छातीवर लावायला बिल्ला मिळाला. जन्मभर तिला कुणी 'तुमचं मत काय' म्हणून विचारलं नव्हतं. तो बिल्ला ती घरीसुद्धा लावायची.

डॉक्टर होती तन्वी बेलसरे. पुण्याची पोर, तिशीची, बोलायला गोड आणि खोटं बोलायला कच्ची. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्या सोबत्यांना बसवून समजावून सांगितलं.

"आठवण पुसली जात नाही. तिच्याकडं जायची वाट बुजते. वाटेवरच्या पेशी झोपून जातात. आम्ही रक्तातून अगदी बारीक दाणे सोडतो. इतके बारीक, की राजगिऱ्याच्या एका दाण्यात गावची गावं मावतील. ते मेंदूत जाऊन त्या झोपलेल्या पेशींना चिकटतात. मग डोक्यावर एक टोपडं घालायचं. त्यातून आवाज निघतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा. त्या आवाजानं दाणे थरथरतात आणि पेशी जागी होते. वाट मोकळी."

"मग कायमची मोकळी ठेवा की," गफूरचाचा म्हणाले. गफूर तांबोळी एसटीत कंडक्टर होते, त्यांची बायको झुबेदा तिथं पेशंट होती.

"तीच अडचण आहे चाचा. जागी झालेली पेशी भुकेली असते. ती शेजारच्या पेशींच्या तोंडचं खाते. म्हणून एक तास जागवलं की पुढं कुठंतरी तेवढी किंमत द्यावी लागते. चालणं जाईल, गिळणं जाईल. मात्रेच्या चार पायऱ्या आहेत. वर चढाल तसं जागेपण लख्ख होत जाईल, पण चढलेली पायरी खालून निघून जाईल. म्हणून दर पायरीला पेशंटला विचारायचं. जागा असताना, त्याच्या तोंडून. आणि विचारताना सोबती बाहेर थांबणार, म्हणजे भिडेनं कुणी हो म्हणायला नको."

हे सगळ्यांना पटलं. मग डॉक्टरणीनं प्रश्न वाचून दाखवला. "मात्रेत वृद्धी करावी, ती स्थिर ठेवावी, की उपचार समाप्त करावा?"

रत्नानं हात वर केला. "हे कुणी लिहिलं?"

"तज्ज्ञांनी."

"तज्ज्ञांना बायका नाहीत काय? वृद्धी म्हणजे बाळंत झाल्यावरची सोयर. सत्तरीच्या म्हातारीला वृद्धी करू का विचाराल तर ती मोरीत जाऊन लपून बसेल."

सगळी खोली हसली. गफूरचाचा तर खुर्चीवरून घसरता घसरता राहिले.

"मग कसं विचारायचं, मावशी?"

"साधं विचारा की. वाढवायचं, तसंच ठेवायचं, का थांबवायचं?"

डॉक्टरणीनं तिथंच खोडून तसं लिहिलं. रत्ना बिल्ला पुसत घरी आली. कासाराच्या घरात उभा जन्म काढलेल्या बाईला त्या वेळी काही म्हणजे काही सुचलं नाही. माणूस कौतुकानं आंधळं होतं ते असं.

*

पहिल्यांदा टोपडं घातलं तेव्हा हौसाक्का खिडकीजवळ बसून पडद्याच्या कड्या मोजत होती. मोजता मोजता थांबली. मान वळवली. रत्नाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"रत्ने, केसाला तेल लावायला काय झालं? भुतावाणी दिसतीस."

किती वर्षांनी कुणी तिला रत्ने म्हटलं होतं.

"आणि हे छातीवर काय डकवलंय? निवडणुकीला उभी राहिलीस?"

मग गप्पा निघाल्या. हौसाक्कानं अकलूजच्या जत्रेतली गोष्ट सांगितली. एका पैलवानाच्या बायकोला बांगड्या भरताना पैलवानच चक्कर येऊन पडला, आणि पडला तो बांगड्यांच्या पेटीवर, तर पेटीला काही झालं नाही आणि पैलवानाचा दात हलला. रत्नानं ती गोष्ट शंभरदा ऐकली होती, आणि दर वेळेला पैलवान वजनानं वाढायचा. ती हसून हसून कळवळली. कोपऱ्यात बसलेली डॉक्टरीणही हसत होती.

"विलास कुठंय?" हौसाक्कानं मधेच विचारलं.

"सोलापूरला. कामावर."

"माझ्याकडं बघून सांग."

रत्नानं बघितलं, आणि जी बाई मनगट दाबून सासूचा स्वभाव ओळखायची तिला तोंडावरून आणखी काय सांगायचं? हौसाक्कानं तिचा हात धरला. नाडीवर अंगठा ठेवला. बराच वेळ धरून बसली.

"कधी?" ती म्हणाली.

मग दोघी जावा रडल्या. गळ्यात गळा घालून, मोठ्यानं, जशा तेव्हा रडायच्या राहिल्या होत्या तशा. तासाच्या शेवटी डॉक्टरणीनं रत्नाला बाहेर थांबायला सांगितलं. रत्ना बाकावर बसली. छातीतला घास पहिल्यांदाच खाली उतरला होता. तिला चक्क भूक लागली.

डॉक्टरीण बाहेर आली ती हसतच. "आक्कांनी स्वतः सांगितलं. वाढव म्हणाल्या. दोन्ही हात जोडून म्हणाल्या, मावशी. मला तर कसंतरीच झालं."

रत्नाच्या डोळ्यात पाणी आलं. 'माझ्यासाठी,' तिला वाटलं. 'मला एकटीला सोडवेना तिला.'

आत हौसाक्का परत पडद्याच्या कड्या मोजत होती. "ए बाई," ती म्हणाली, "इथं कशाला उभी? माल मोजू दे."

*

दुसऱ्या पायरीला जागेपण लांबलं. पण मधल्या दिवसांत नवीन काही टिकत नव्हतं. हौसाक्का दर वेळेला जागी व्हायची ती पहिल्यांदाच झाल्यासारखी. तेल का लावलं नाहीस. बिल्ला कसला. पैलवान. आणि मग, विलास कुठंय?

रत्नानं एकदोनदा खोटं बोलायचा प्रयत्न केला. मग प्रयत्नही करेना. उलट, टोपडं घालायचा दिवस जवळ आला की ती मनातल्या मनात विलासचं काहीतरी शोधून ठेवायची, त्याचा जुना शर्ट, त्याचं तुटलेलं घड्याळ. ते घेऊन जायची. हौसाक्काला दर वेळेला नवा घाव बसायचा, आणि रत्नाचा जुना घाव दर वेळेला थोडा थोडा सुकायचा. हे ती स्वतःशीसुद्धा असं कधी बोलली नाही. आपल्या जीवाला बरं वाटतंय एवढंच तिला ठाऊक.

दुसऱ्या पायरीनं हौसाक्काचे पाय घेतले. तिला खाटेवरून खुर्चीत उचलून ठेवावं लागे. पुन्हा विचारलं. पुन्हा डॉक्टरीण येऊन म्हणाली, "वाढव. हात जोडून."

तिसरी पायरी. आता पाणी पिताना ठसका लागायला लागला. रत्ना चमच्या-चमच्यानं पेज भरवायची.

एक दिवस गफूरचाचा दवाखान्याच्या व्हरांड्यात एकटेच बसले होते. बिल्ला काढून हातात धरला होता.

"झुबेदाभाभी कुठंय?" रत्नानं विचारलं.

"घरी. तिला विचारलं, तर म्हणाली, बस. एकच शब्द. बस झालं." चाचा बिल्ल्याचा टाचणीकडचा भाग उघडझाप करत होते. "तिला म्हणे जागं झालं की आपली फजिती कळायची. कपडे कुणी बदलले, कुणी धुतलं, सगळं. मला काय ठाऊक? मी आपला तिच्याशी मजेत बोलत बसायचो. माझा तास छान जायचा."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? रडलो आणि घरी नेली. आता मला ड्रायव्हर समजते. म्हणते, गाडी जरा हळू घ्या." चाचा हसले आणि मग हसायचे थांबले. "तुमची आक्का बहाद्दर आहे, भाभी. वाढव म्हणते. एवढं सोसून वाढव म्हणते."

रत्ना घरी आली. दिवेलागण झाली होती. दुकान तर केव्हाच गेलं होतं, तिथं आता चार्जिंगचे खांब होते. खुर्चीत बसलेल्या हौसाक्कासमोर स्वयंपाकघरातली डब्यांची फळी होती. रत्ना पेज ढवळत होती.

हौसाक्कानं फळीकडं बघितलं. दोन्ही हात उचलले, थरथरत जवळ आणले, जोडले.

"वाढव गं आता," ती म्हणाली. "अंधार पडला."

रत्नाच्या हातातला चमचा पातेल्यात बुडाला. तिनं तो काढला नाही. पेज करपल्याचा वास घरभर झाला तरी ती तशीच उभी होती.

*

सांगता आलं असतं. दवाखान्याचा फोन बिल्ल्यातच होता, नुसतं बोट लावायचं. रत्नानं बोट लावलं नाही. 'मला तरी काय खात्री?' ती स्वतःला म्हणाली. 'शब्द एकच आहे. आक्काला खरंच वाढवायचं असेल.' मग म्हणाली, 'पुढच्या वेळेला तिलाच विचारते.' आणि मग पेटीतून विलासचं बारशाचं कुंची-झबलं काढून पिशवीत भरून ठेवला.

पुढच्या वेळेला हौसाक्का जागी झाली. तेलाचं झालं. बिल्ल्याचं झालं. पैलवान झाला नाही, कारण बोलताना धाप लागत होती. विलास कुठंय हे तिनं विचारलं, कळलं, आणि ह्या वेळी ती मोठ्यानं रडली नाही. मांडीवर ठेवलेलं झबलं तिनं घडी करून परत दिलं. आपल्या पायांकडं बघितलं. श्वासासाठी नाकाजवळ चिकटवलेल्या नळीला हात लावून बघितला.

"रत्ने."

"काय आक्का?"

"ही पोरगी आता मला विचारणार ना, पुढं काय करायचं ते?"

"हो."

"सांगते मी तिला, वाढव म्हणून." हौसाक्का तिच्याकडं बघत होती. दुकानात गिऱ्हाईक संपलं की धाकट्या जावेकडं बघायची तशी. शटर तर रत्नानंच ओढायचं असायचं. "सांगू ना?"

आता काही संशय राहिला नव्हता. रत्नानं आयुष्यात एवढं स्वच्छ काही ऐकलं नव्हतं. दारात डॉक्टरीण येऊन उभी होती. रत्नानं म्हणायचं होतं ते एकच वाक्य होतं. ते तिच्या जिभेवर आलं. आणि त्याच्यामागं मोरीतला नळ आला, आणि ते घर आलं ज्यात तिला रत्ने म्हणणारं कुणी नव्हतं.

"सांगा की," रत्ना म्हणाली.

आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

डॉक्टरीण बाहेर आली ती ह्या वेळी हसत नव्हती. "वाढव म्हणाल्या. मावशी, ही चौथी, शेवटची पायरी. ह्याच्यानंतर गिळणं पूर्ण जाईल. मला जरा... सोबती म्हणून तुम्हाला काही सांगायचंय का?"

"त्यांनी सांगितलंय ना," रत्ना म्हणाली.

*

चौथ्या पायरीचं जागेपण कसं असतं ते डॉक्टरणीलाही नीट ठाऊक नव्हतं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आठवण पुसली जात नाही, वाट बुजते. पण ते मधले सगळे तास, टोपड्याखालचे, तेही आत कुठंतरी साठलेले असणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

टोपडं घातलं. हौसाक्कानं डोळे उघडले. तेलाचं काही बोलली नाही. बिल्ल्याचं बोलली नाही. विलास कुठंय हे विचारलं नाही.

नुसती बघत राहिली. रत्नाला ती नजर सोसेना.

"आक्का, काय बघताय?"

"मोजतेय," हौसाक्का म्हणाली. आवाज घोगरा होता पण शब्द न् शब्द स्वच्छ. "दर वेळेला सांगितलं मी त्या पोरीला. दर वेळेला हात जोडले. शेवटच्या वेळेला तुला विचारून सांगितलं."

रत्ना चादरीचं टोक सारखं करायला लागली.

"विलास तुझ्यासाठी एकदा मेला, रत्ने." तो शब्द त्या तोंडातून! "माझ्यासाठी तो दर वेळेला मेला. झोपेतून उठवून उठवून मारलास तू त्याला माझ्यापुढं. शर्ट दाखवलास. घड्याळ दाखवलंस. झबलं आणलंस."

"मला रडायला कुणी नव्हतं, आक्का."

"ठाऊक आहे." हौसाक्काचा हात चादरीवरून सरकत आला. रत्नाला वाटलं, चिमटा काढेल. काढायला हवा होता. पण बोटांत जोर नव्हता. बोटं नुसतीच तिच्या दंडावर येऊन पडली. "ठाऊक आहे गं मला. मी तरी दुसरं काय केलं असतं? पण आता बोलाव तिला. आणि बाहेर जायचं नाही. इथंच थांब. तुझ्या कानांनी ऐक."

डॉक्टरीण आली. नियमाप्रमाणं रत्नाला बाहेर जा म्हणाली. हौसाक्का म्हणाली, "ती थांबेल."

"आक्का, आता मात्रा—"

"बंद कर."

डॉक्टरणीला नीट कळलं नाही. "काय आक्का?"

"बंद. बंद कर ते टोपडं. संपव. फोड. ह्याच्यापेक्षा वाईट शब्द मला येत नाहीत पोरी, नाहीतर तेही सांगितले असते."

आणि हात जोडले. तसेच. दोन्ही.

डॉक्टरणीची नजर त्या जोडलेल्या हातांवर थांबली. मग तिनं रत्नाकडं बघितलं. आणि रत्नानं सांगितलं. कासाराच्या घरात दुकानाला काय म्हणतात ते सांगितलं. प्रश्नातला शब्द कुणी सुचवला ते तर डॉक्टरणीला ठाऊकच होतं. हे आपल्याला केव्हा कळलं, तेही सांगितलं.

तन्वी बेलसरे भिंतीला टेकली. प्रश्न सगळ्या केंद्रांत तसाच गेला होता, साधा आणि सोपा म्हणून कौतुक झालं होतं त्याचं. "आणखी कुणी..." ती पुटपुटली. "आणखी कुणी कुणी हात जोडले होते?" आठवायला लागली, आणि जसजसं आठवत गेलं तसतसा तिचा चेहरा उतरत गेला.

टोपडं काढायच्या आधी हौसाक्कानं रत्नाला जवळ बोलावलं. "केसाला तेल लाव," ती म्हणाली. एवढंच.

*

प्रश्नातला शब्द बदलला. झुबेदाभाभीचा 'बस' घातला. सगळ्या केंद्रांतल्या पेशंटांना पुन्हा नव्यानं विचारायला लागले. काहींना विचारता आलं. काही विचारण्यापलीकडं गेले होते.

रत्नानं बिल्ला परत केला. घरात हौसाक्का खाटेवर असते. नळीतून पोटात जातं ते जातं. खाटेला लोखंडी कठडा आहे, आणि तिला कुशीवर वळवायचं म्हणजे रत्नाला वाकून दोन्ही हात घालावे लागतात. रत्नाच्या केसाला आता रोज तेल असतं, ते बघायला कुणी नाही. विलासच्या वस्तू पेटीत आहेत. पेटीला ती हात लावत नाही. रडायचं झालं तर मोरीत जाते.

त्या दिवशी ती अशीच वाकली आणि हातातली हिरवी बांगडी कठड्यावर आपटली. खळ्ळकन आवाज झाला. तुकडे चादरीवर पडले, एक हौसाक्काच्या उशीशी.

"फुटली," रत्ना म्हणाली. मुद्दामच म्हणाली. ह्या घरात आता तो शब्द लपवून काय उपयोग?

हौसाक्काचे डोळे हलले. छताकडून खाली आले, तुकड्यावर थांबले, मग रत्नाच्या तोंडावर. ओळख काही नव्हती त्यात. अनोळखी बाईकडं बघावं तसं बघत ती बराच वेळ ओठ हलवत राहिली. रत्ना वाकली, कान तोंडापाशी नेला.

"फुटली म्हणू नये, ए बाई," हौसाक्का म्हणाली. प्रत्येक शब्दाला श्वास लागत होता. "वाढली म्हण. नवी आहेस... म्हणून सोडते."

आणि रत्नाच्या तोंडाकडं बघत वाट बघत राहिली.

रत्नानं तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. जन्मभर तिनं तो शब्द दिवसातून दहादा म्हटला होता, दुकानाला, बांगडीला, तांदळाला. आता तो काही केल्या निघेना. म्हातारी मात्र तशीच बघत होती, चिमटा काढायला हात नाही म्हणून नुसत्या डोळ्यांनीच धरून.